कंपाउंडरांची मोटरसायकल, मेट्रनबाईंच्या फरश्या

कंपाउंडरांच्या हातून उभ्या आयुष्यात औषधाचा एक थेंब जास्त गेला नव्हता. एका दवाखान्याच्या छोट्या खिडकीआड उभे राहून ते वर्षानुवर्षं बाटल्या भरत आले होते. काचेचं मापपात्र डोळ्यांसमोर धरून रेघ पाहताना ते श्वाससुद्धा रोखून धरत. घरीही तोच खाक्या. चहात साखर पडायची ती सपाट चमच्यानं, आणि कुंड्यांना पाणी मिळायचं तेही मापाच्या मगानं. बायको म्हणायची, हसू आलं तरी हे आधी किती हसायचं ते ठरवून घेतात. अशा माणसाच्या मोटरसायकलनं गळावं, आणि तेही घरमालकिणीच्या नव्याकोऱ्या फरश्यांवर, ही गोष्ट त्यांच्या फार जिव्हारी लागली होती.

मोटरसायकल त्यांच्या संसारापेक्षा एक वर्षानं मोठी. जुन्या टू-स्ट्रोक जातीची. धूर कमी सोडला तर प्रकृती बरी नाही की काय असं वाटावं, अशी. या गाडीत इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून जातं आणि जळून जातं. गिअरबॉक्सचं ऑइल मात्र वेगळं असतं. ते खाली आपल्या बंद पेटीत गिअरांना आणि क्लचला न्हाऊ घालत बसतं. ते जळत नाही की संपत नाही, फक्त जुनं होतं. म्हणजे सगळं ठीक असेल तर खाली पडायचं त्याला काही कारणच नाही.

कंपाउंडर बोलायचे ते या गाडीवरच. बायको टेकडीवरच्या शाळेत चित्रकला शिकवायची. बस खालच्या चौकापर्यंतच जायची, म्हणून रोज सकाळी ते तिला शाळेच्या दारात सोडून मग दवाखाना गाठायचे. वीस मिनिटांचा रस्ता. घरात चार शब्दांच्या पुढे न जाणारा माणूस हँडल हातात आलं की मान किंचित मागे वळवून सुरू व्हायचा, तो थेट शाळेच्या फाटकापाशी थांबायचा. सत्तावीस वर्षांत या दोघांचे सगळे मोठे निर्णय त्याच रस्त्यावर झाले होते. मुलीचं नाव तिसऱ्या वळणावर ठरलं होतं, आणि तिला परगावी शिकायला पाठवायचं हे पाण्याच्या टाकीपाशी.

धाकटा मेहुणा स्कूटरच्या शोरूममध्ये विक्रीला होता. तो आला की गाडीभोवती एक चक्कर मारायचा, आणि आजारी नातेवाइकाला बघून आल्यासारखा चेहरा करून खुर्चीत बसायचा. "भावोजी, बिनगिअरची घ्या. गिअरच नाहीत तर गिअरचं ऑइल गळेल कुठून?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. कंपाउंडर शांतपणे सांगायचे की स्कूटरच्या मागच्या चाकापाशीही एक पेटी असते आणि तिच्यातही ऑइलच असतं, तू विकतोस पण उघडून पाहिलेली नाहीस. मेहुणा त्यावर बहिणीकडे बघून, बघ बाई, असे हातवारे करायचा.

गळण्याची सुरुवात झाली त्याला एक कारण घडलं होतं. वीस वर्षं गाडी सांभाळणाऱ्या मेकॅनिकनं, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, दुकान बंद केलं आणि तो मुलाकडे राहायला गेला. कंपाउंडरांना वाईट वाटलं, पण मनातल्या मनात थोडं हायसंही वाटलं. उस्तादचं ऑइल भरणं त्यांना कधी पाहवलं नव्हतं. एक गंजका डबा, त्यातून आपला अंदाजानं ओतायचा. मध्येच पेटीच्या कुशीतला एक बारीक स्क्रू सैल करायचा, तिथून ऑइलची धार लागली की फडकं लावायचं आणि स्क्रू आवळून मोकळा. दरवेळी सांडायचाच. कंपाउंडर मान दुसरीकडे फिरवायचे.

आता हे काम घरीच, आणि नीट मापानं करायचं, असं त्यांनी ठरवलं. गाडीबरोबर आलेली पुस्तिका त्यांनी जपून ठेवली होती. शेवटच्या पानावर तक्ता होता, आणि तक्त्यात लिहिलं होतं: गिअरबॉक्स ऑइल, सातशे मिली. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी खालचा बोल्ट काढून जुनं ऑइल सोडलं, बोल्ट लावला, आणि मापपात्रानं सातशे मिली, रेघेला रेघ जुळवून, ओतलं. मापपात्र निथळावं म्हणून पाच मिनिटं उलटं धरून ठेवलं. मग वहीत तारीख घातली, माप लिहिलं आणि खाली रेघ मारली.

आठवड्याभरात गाडीखाली काळपट डाग दिसू लागले. कुठून तरी गळतंय, म्हणजे आत कमी होतंय, असा कंपाउंडरांचा सरळ विचार. म्हणून ते दर रविवारी इंजेक्शनच्या सिरिंजनं वीस मिली ऑइल वरून घालायचे आणि वहीत लिहायचे. डाग काही थांबले नाहीत. उलट सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलं तरी गाडी पुढे सरकायला बघायची, आणि न्यूट्रल सापडता सापडत नसे.

अंगणात जुनी काळी फरशी होती तोवर हे दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. मग मेट्रनबाईंनी अंगण नवं केलं.

मेट्रनबाई म्हणजे घरमालकीण. मोठ्या सरकारी इस्पितळात त्या मेट्रन होत्या, आणि कंपाउंडर नोकरीला लागले तेव्हा पहिली सहा वर्षं त्यांच्याच हाताखाली होते. आता बाईंनी सत्तरी ओलांडली होती, पण अंगणात येताना त्या अजून राउंड घ्यायला निघाल्यासारख्या येत. कंपाउंडरांनाही त्यांच्यापुढे हात आपोआप पाठीमागे बांधावेसे वाटत. नव्या फरश्या फिकट दुधी रंगाच्या होत्या, आणि पाय घसरू नये म्हणून वरून खरखरीत. त्यांच्यावर मुंगी चालली तरी दिसायची.

एका रविवारी सकाळी बाई गाडीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली. कंपाउंडर हातातला पेपर ठेवून आले.

"कंपाउंडर, मोडलेले खुबे मी आयुष्यभर पाहिलेत. स्वतःचा पाहायची हौस नाही."

त्यांनी बोटानं डाग दाखवला. पाय घसरू नये म्हणून या फरश्या बसवल्या आणि त्यांच्यावर तेल ओतून ठेवलं, तर पैसे कशाला घातले, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या रविवारपर्यंत गळणं थांबलं तर ठीक, नाही तर गाडी फाटकाबाहेर. बाहेरची गल्ली एवढी अरुंद की कचऱ्याची गाडी आली तर सायकलवाल्यालाही भिंतीला चिकटावं लागे. म्हणजे फाटकाबाहेर याचा अर्थ विकून टाका, हे दोघांनाही कळत होतं.

मेहुण्याला ही बातमी कशी कळली कोण जाणे, पण संध्याकाळी त्याचा फोन आला. त्याच्याकडे एक गिऱ्हाईक तयारच होतं. एका हॉटेलवाल्याला शोभेसाठी जुनी मोटरसायकल भिंतीवर टांगायची होती. "चालू असण्याचीसुद्धा अट नाही, भावोजी," तो म्हणाला. हे वाक्य कंपाउंडरांना दोन दिवस टोचत राहिलं. रविवारी दहा वाजता घेऊन येतो त्यांना, असंही त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

सोमवारी कंपाउंडरांनी खालच्या बोल्टचं तांब्याचं वॉशर बदललं. मंगळवारी रॉकेलच्या बोळ्यानं गिअरबॉक्सचं पोट पुसून लख्ख केलं. बायकोनं शाळेतला चित्रकलेचा मोठा कागद आणून गाडीखाली अंथरला, आणि कुठला थेंब कुठून पडला हे कळावं म्हणून पेन्सिलीनं त्यावर चाकं, गिअरबॉक्स, चेन, सगळ्यांच्या सावल्या काढून दिल्या. बुधवारी सकाळी कागदावर नऊ थेंब होते, सगळे गिअरबॉक्सच्या सावलीत. तेवढं कमी झालं असणार म्हणून कंपाउंडरांनी वीस मिली वरून घातलं. गुरुवारी थेंब झाले चौदा.

त्या दिवशी शाळेपर्यंतच्या वीस मिनिटांत कंपाउंडर एक अक्षर बोलले नाहीत. तिसरं वळण गेलं, पाण्याची टाकी गेली, फाटक आलं. बायको उतरली, म्हणाली, "अहो, बरं आहे ना?" त्यांनी मान हलवली आणि गाडी वळवली.

संध्याकाळी ती थेट मेट्रनबाईंच्या दारात गेली. गाडी राहू द्या, असं काही ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली की, बाई, गाडी जायची तर जाऊ दे, पण आज ते वाटेत गप्प होते.

मेट्रनबाईंनी हे ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि निरोप धाडला: केसपेपर घेऊन या.

केसपेपर म्हणजे वही, हे कंपाउंडर लगेच समजले. बाईंनी पानं उलटली. अक्षर सुरेख, तारखा ओळीनं, मापं एकाखाली एक. सुरुवातीला सातशे, मग वीस, वीस, वीस. कालचा बुधवार धरून अठरा वेळा.

"आत काय गेलं ते सगळं आहे," बाई म्हणाल्या. "बाहेर काय आलं?"

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी जुनं काढलंत ते किती निघालं?"

कंपाउंडर गोंधळले. ते मोजलं नव्हतं. जुनं ऑइल, टाकूनच द्यायचं, त्याचं काय मोजायचं, असं काहीसं ते पुटपुटले.

बाईंनी चष्मा काढून वहीवर ठेवला. "सहा वर्षं माझ्या वॉर्डात होतात. कुणी पेशंटला सलाइन लावलं आणि लघवी मोजली नाही, तर मी काय करायची?"

बाई काय करायच्या ते कंपाउंडरांना पक्कं आठवत होतं. त्यांचे कान तापले. दाराशी उभ्या असलेल्या बायकोनं पदरात तोंड लपवलं.

शनिवारी दवाखाना अर्धा दिवस. दुपारी अंगणात खुर्ची टाकून मेट्रनबाई बसल्या, पुस्तिका त्यांच्या हातात. तक्ता नाही, पहिल्या पानापासून वाचायचं, असा त्यांचा हुकूम. औषध देण्याआधी चिठ्ठी पूर्ण वाचतात की नुसता शेवटचा आकडा, असंही त्यांनी विचारून घेतलं.

पुस्तिकेप्रमाणे आधी गाडी दहा मिनिटं फिरवून आणायची होती, म्हणजे ऑइल कोमट होऊन पातळ होतं आणि नीट वाहतं. ते बायकोला मागे बसवून चौकापर्यंत जाऊन आले. मग गाडी मधल्या स्टँडवर, सरळ उभी. बाजूच्या स्टँडवर ती कलते आणि आतली पातळीही कलते, हे बाईंनी दोनदा वाचून दाखवलं. अंगण मोरीकडे उतरतं होतं, म्हणून जागा शोधायला वेळ लागला. कंपाउंडरांनी सलाइनची अर्धी भरलेली बाटली फरशीवर आडवी ठेवून आतल्या पाण्याची रेघ पाहिली, आणि जिन्याजवळचा एक चौकोन सपाट ठरवला. बाईंनी ते पाहून मान डोलावली.

खालचा बोल्ट निघाला. तपकिरी काळं ऑइल जाड धारेनं ट्रेमध्ये आलं, मग बारीक धार, मग थेंब. कंपाउंडर गडबड न करता थांबले. गाडी जरा इकडे, जरा तिकडे कलवली, तेव्हा आणखी थोडं आलं. बोल्टच्या टोकाला चिकटलेली धातूची बारीक भुकटी पुसली, नवं वॉशर घातलं, बोल्ट बेतानं आवळला. मग ट्रेमधलं सगळं मापपात्रानं मोजलं. सातशे वीस.

बाईंनी वहीच्या मागच्या पानावर आडव्या दोन ओळी काढल्या. आत गेलं: सातशे आणि अठरा वेळा वीस, म्हणजे एक हजार साठ. बाहेर आलं: सातशे वीस.

"उरलेलं तीनशे चाळीस माझ्या फरश्यांनी प्यायलं," त्या म्हणाल्या.

कंपाउंडर आकड्यांकडे बघत राहिले. एवढं गळूनही आत सातशेच्या वर होतं. म्हणजे पेटी उपाशी कधीच नव्हती. ती तुडुंब भरलेली होती, म्हणून क्लच दाबला तरी चिकटत होता, आणि तापली की वरच्या हवेच्या भोकातून जादा झालेलं बाहेर टाकत होती. ते बाहेर पडलं की कंपाउंडर पुन्हा भरत होते. अठरा वेळा ते पेशंटला उलटी झाली की आणखी पाजत आले होते.

आता भरायचं. पुस्तिकेत पुढच्या पानावर एक आकृती होती, आणि तिच्यात पेटीच्या कुशीतल्या एका बारीक स्क्रूकडे बाण दाखवला होता. पातळी तपासण्याचा स्क्रू. भरताना हा काढून ठेवावा. ऑइल इथून बाहेर येऊ लागलं की पातळी बरोबर झाली. भरणं थांबवावं, जादा ऑइल वाहून जाऊ द्यावं, आणि थेंब थांबले की स्क्रू लावावा.

कंपाउंडर तो स्क्रू ओळखत होते. वीस वर्षं त्यांनी तो पाहिला होता, उस्तादच्या बोटांखाली, फडक्यासकट. उस्ताद सांडत नव्हता. तो विचारत होता, पोट भरलं का म्हणून. कंपाउंडर खाली बसून बराच वेळ स्क्रूड्रायव्हर नुसताच पुसत राहिले.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"उस्तादला मी मनातल्या मनात पुष्कळ बोललोय," ते म्हणाले.

फनेल लावून ते सावकाश ओतू लागले. बायको कुशीच्या भोकापाशी डोळे लावून बसली. तीनशे. पाचशे. साडेपाचशे. सहाशे गेल्यावर ती म्हणाली, "आलं." सोनेरी बारीक धार पेटीवरून ओघळली.

कंपाउंडरांचा हात थांबला, पण मन थांबेना. मापपात्रात शंभर मिली शिल्लक होतं. त्यांनी रेघेकडे पाहिलं, पुस्तिकेकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पण पुस्तकात सातशे लिहिलंय."

"पुस्तकातली पेटी कोरडी आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "कारखान्यातली, नवी. तुमची आतून ओली आहे. कितीही निथळवली तरी गिअरांना चिकटलेलं राहणारच."

शंभर मिली परत डब्यात ओतताना कंपाउंडरांचा चेहरा पाहण्यासारखा होता. भोकातले थेंब विरळ होत थांबले. त्यांनी स्क्रू लावला, वरचं झाकण घट्ट केलं, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं, आणि दहा मिनिटं थांबून स्क्रू पुन्हा उघडला. ऑइल भोकाच्या ओठापर्यंत येऊन नुसतं चमकत होतं. बाईंनी वाकून पाहिलं आणि वहीत 'नॉर्मल' असं लिहिलं. मग हात काळे झालेच आहेत तर म्हणून कंपाउंडरांनी चेनलाही ऑइल घातलं, सगळं पुसलं, आणि बायकोला घेऊन टेकडीपर्यंत जाऊन आले. सिग्नलला गाडी खांबासारखी उभी राहिली. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. रात्री गाडीखाली नवा कागद अंथरला, पेन्सिलीच्या सावल्यांसह.

रविवारी सहाला कंपाउंडर अंगणात आले. कागदावर एक थेंब होता.

एकच, पण होता. मेट्रनबाई सातला उठायच्या. बायकोच्या पिशवीत आणखी दोन कोरे कागद होते आणि पेन्सिलही. तासाभरात कागद बदलला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. कंपाउंडर कागदाकडे बघत जिन्याच्या पायरीवर बसले. मेहुण्याचं गिऱ्हाईक, भिंत, खिळे, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मग ते उठले. कागद गाडीखालून अलगद ओढला आणि बाईंच्या दाराबाहेर तो दोन्ही हातांत धरून सात वाजेपर्यंत उभे राहिले.

दार उघडलं. "एक थेंब आहे," त्यांनी स्वतःच सांगितलं.

बाईंनी चष्मा लावला. कागद उजेडाकडे धरला. थेंबाला बोट लावलं, ते अंगठ्यावर घासून पाहिलं, वास घेतला. मग पेन्सिलीच्या सावल्यांवरून बोट फिरवत त्या थेंबापाशी थांबल्या. गिअरबॉक्सची सावली कोरडी ठणठणीत होती. थेंब तिच्यापासून हातभर मागे होता, चेनच्या रेषेवर.

"काल चेनला किती घातलंत?"

कंपाउंडर ओशाळले. "अंदाजानं," ते म्हणाले.

मेट्रनबाई हसल्या. कंपाउंडरांनी त्यांना वॉर्डात कधी हसताना पाहिलं नव्हतं. "हा दुसऱ्या वॉर्डातला पेशंट आहे," त्या म्हणाल्या. "चेन पुसून घ्या. गाडी राहील."

दहा वाजता मेहुणा हॉटेलवाल्याला घेऊन आला. हॉटेलवाल्याच्या हातात मोजपट्टी होती. मेट्रनबाईंनी फाटकातच दोघांना बूट पुसायला लावलं आणि मगच फरशीवर घेतलं. गाडी विकायची नाही, हे बायकोनं सांगून टाकलं. भावाला म्हणाली, तोंड पाडू नकोस, चहा घे. मेहुण्यानं भावोजींकडे पाहिलं, पण भावोजींचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. हॉटेलवाल्यानं हँडलची रुंदी अंदाजानं तीन फूट धरली होती. कंपाउंडरांनी त्याच्या हातातून पट्टी घेतली, दुसरी कुठली गाडी शोधायची तर माप तरी नीट घ्या म्हणाले, आणि हँडलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टी ताणून, श्वास रोखून, रेघ पाहू लागले.